चित्रपटांच्या डिस्क रास्त भावात कशा घ्याव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीव्हीडी, ब्लू-रे, ४के ब्लू-रे आणि अजूनही बाजारात फिरणाऱ्या व्हीसीडी यांच्या खरेदीबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर भारतातल्या खरेदीवर आहे. अमेरिका-ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी पुढे वेगळं उत्तर आहे.

दुकानं तर बंद झाली. आता डिस्क मिळतात कुठे?

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं आणि मॉलमधल्या साखळी दुकानांनीही चित्रपटांचे कप्पे एकेक करून काढून टाकले. सीलबंद डिस्क आता मुख्यतः ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर मिळतात. तिथलाही बराच माल ताजा छापलेला नसतो, कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलेला असतो. ग्राहकाच्या दृष्टीने हे बरंच आहे, कारण पडून राहिलेला माल विकणाऱ्यालाच नकोसा झालेला असतो आणि सूट त्याच मालावर मिळते.

जुन्या डिस्कसाठी पायपीट करावी लागते. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट (शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात), पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, आणि कुठल्याही गावात जुनी पुस्तकं ठेवणारे रद्दीवाले. शिवाय व्हिडिओ लायब्ररी चालवून आता झेरॉक्स किंवा मोबाइल रिचार्जकडे वळलेले दुकानदार. त्यांच्या पोटमाळ्यावर अजून खोकी असतात. “जुन्या डीव्हीडी आहेत का?” असं विचारलं तर बहुतेकदा “नाही” असंच उत्तर येतं. “लायब्ररीचा जुना माल काढायचा आहे का? सगळा बघतो,” असं विचारून पाहा.

एखाद्या डिस्कची रास्त किंमत किती, हे कसं ठरवायचं?

छापील एमआरपी विसरा. एमआरपीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत एवढाच तिचा उपयोग. २९९, ३९९, ५९९ चे ते स्टिकर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे असतात आणि त्यावर “७० टक्के सूट” लिहिणं सोपं असतं. मोझर बेअर कंपनी होम व्हिडिओच्या धंद्यात उतरली तेव्हा तिने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती. त्या काळातली डिस्क आज कुणी “दुर्मीळ” म्हणून ३०० रुपयांना देऊ करत असेल, तर ती खरोखर दुर्मीळ आहे की नुसती जुनी, हे आधी बघायला हवं.

किंमत ठरवताना ही क्रमवारी ठेवा.

१. आवृत्ती नक्की करा. चित्रपटाचं नाव पुरेसं नाही. कंपनी, साल, डिस्कची संख्या, मागच्या बाजूचा बारकोड. एकाच चित्रपटाच्या दोन डीव्हीडींच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

२. मागितलेला भाव बघू नका, झालेला सौदा बघा. ईबेवर शोध घेताना “विकलेल्या वस्तू” हा फिल्टर लावला की प्रत्यक्ष किती पैसे दिले गेले ते दिसतं. पाच हजारांना वर्षभर टांगलेली डिस्क म्हणजे पाच हजारांची डिस्क नव्हे.

३. ॲमेझॉनच्या भारतीय साइटसाठी कीपा वापरा. ते ब्राउझरमध्ये बसवलं की वस्तूच्या पानावरच किमतीचा आलेख दिसतो. आलेखात नवीन आणि वापरलेल्या वस्तूंच्या रेषा वेगळ्या असतात. आपल्याला हवी ती रेषा बघा आणि गेल्या वर्षभरातला तळ शोधा. त्या तळापेक्षा थोडी वरची रक्कम घालून सूचना लावून ठेवा. कॅमलकॅमलकॅमल हे दुसरं प्रसिद्ध साधन भारतीय ॲमेझॉनसाठी चालत नाही, अमेरिका-ब्रिटनसाठी चालतं.

४. घरपोच किंमत काढा. टपालखर्च, परदेशातून असेल तर सीमाशुल्क, कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क. ९९ रुपयांच्या डिस्कवर ८० रुपये डिलिव्हरी असेल तर ती १७९ ची डिस्क आहे.

एकच चित्रपट ४९ रुपयांनाही आहे आणि ३९९ लाही. फरक कसला?

बहुतेकदा डिस्कवर किती जागा दिली त्याचा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी. अडीच तासांचा एकच चित्रपट दोन थरांवर पसरून ठेवला तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण साडेसात मेगाबिट मिळतात. एका थरावर दाबला तर चारच्या आसपास. “थ्री इन वन” डीव्हीडीत असे तीन चित्रपट कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मेगाबिटही जेमतेम येतात. मग गाण्यातल्या गर्दीचे चौकोन दिसायला लागतात, अंधाऱ्या प्रसंगात भिंतीवर पट्टे येतात. लहान टीव्हीवर हे खपून जायचं, आजच्या ५५ इंची पडद्यावर खपत नाही.

दुसरी गोष्ट कंपनीचा लोगो. बऱ्याच भारतीय कंपन्यांनी आपल्या डीव्हीडींवर चित्रपटभर कोपऱ्यात लोगो ठेवला. खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे त्या आवृत्तीबद्दल कुणी लिहिलं आहे का ते शोधावं लागतं. काही स्वस्त आवृत्त्यांमध्ये गाणी कापलेली असतात, काहींमध्ये सबटायटल नसतात.

तिसरी गोष्ट चित्राचा आकार. मागे “१६:९ ॲनामॉर्फिक” किंवा “वाइडस्क्रीन टीव्हीसाठी” असं काही लिहिलेलं असेल तर उत्तम. “४:३ लेटरबॉक्स” असेल तर आजच्या टीव्हीवर चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकतं, आणि झूम केलं की फुटतं. सगळ्या चित्रपटांना हे लागू नाही. १९५०च्या आधीचे बहुतेक चित्रपट मुळातच चौकोनी आकाराचे आहेत, त्यांना ४:३ च योग्य.

यातली कुठलीच गोष्ट आड येत नसेल तर ४९ वाली बिनधास्त घ्या.

खोक्यावर १४४ मिनिटं लिहिलंय, चित्रपट तर १५० मिनिटांचा आहे. कापलेला आहे का?

नसेलही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत २५ ने. पुष्कळ पाल डीव्हीडींमध्ये चित्रपट चार टक्के जास्त वेगाने पळवलेला असतो, म्हणून १५० मिनिटांचा १४४ मध्ये संपतो. मूळ लांबीला २४ ने गुणून २५ ने भागा. उत्तर जुळलं तर काळजी नको. त्याहून पाच-सात मिनिटं कमी भरत असतील तर गाणी किंवा प्रसंग गेले आहेत असं समजा. परदेशी चित्रपटांच्या बाबतीत डीव्हीडीकंपेअर ही साइट कुठल्या देशाच्या आवृत्तीत काय कापलं आहे ते सांगते. भारतात विकायच्या डिस्कला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे परदेशी चित्रपटाची भारतीय डिस्क स्वस्त दिसली तरी घेण्याआधी लांबी ताडून बघावी.

रिजनची भानगड काय आहे?

डिस्क आणि प्लेअर एकाच विभागाचे, म्हणजे रिजनचे, असतील तरच डिस्क चालते. डीव्हीडीसाठी भारत ५ नंबरच्या विभागात येतो, अमेरिका १, युरोप आणि जपान २. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका आणि जपान ए, ब्रिटन-युरोप बी. भारतीय कंपन्यांच्या हिंदी-मराठी डीव्हीडी सहसा सगळीकडे चालणाऱ्या असतात. अडचण येते ती हॉलिवूडच्या आणि परदेशातून मागवलेल्या डिस्कची.

४के ब्लू-रेला व्यवहारात रिजन नाही, कुठूनही मागवा. मात्र त्याच खोक्यात येणारी साधी ब्लू-रे रिजनबंद असू शकते.

स्वस्त डीव्हीडी प्लेअर रिमोटवरून ठरावीक आकडे दाबून सगळ्या रिजनसाठी मोकळे करता येतात, तुमच्या मॉडेलचे आकडे शोधा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. ब्लू-रे प्लेअर असे सहजी मोकळे होत नाहीत.

याचा भावाशी थेट संबंध आहे. घरी न चालणारी बी रिजनची ब्लू-रे पुष्कळ लोक भारतात वैतागून विकतात. तुमच्याकडे सर्व-रिजन प्लेअर असेल तर अशा मालावर घासाघीस करायला भरपूर वाव असतो.

सेकंड हँड डिस्क घेताना काय तपासायचं?

जुन्या बाजारात प्लेअर नसतो, म्हणून डोळ्यांनी जमेल तेवढं तिथेच करायचं. मोबाइलचा टॉर्च आणि एक मऊ सुती फडकं बरोबर ठेवा.

आधी खोकं उघडा. आत भलत्याच चित्रपटाची डिस्क असणं, दोन डिस्कच्या संचातली एकच असणं, हे रोजचं आहे. डिस्क काढताना मधलं बोंड दाबून काढा, वाकवून उपटू नका. मधल्या छिद्राच्या कडेला बारीक तडा गेला आहे का बघा. तडा असेल तर ती डिस्क फुकटही नको. वेगाने फिरताना तडा वाढतो आणि डिस्कचे तुकडे ड्राइव्हमध्ये होतात.

मग चरे. मध्यापासून कडेकडे जाणारा चरा फारसा त्रास देत नाही, कारण चुका दुरुस्त करण्याची सोय डिस्कमध्येच असते आणि असा चरा प्रत्येक फेरीत क्षणभरच आडवा येतो. गोल फिरत गेलेला चरा मात्र एकाच जागची सलग माहिती खातो. हात लावून बघा, नखाला लागणारा गोल चरा असेल तर सोडून द्या.

चरा नेमका कुठे आहे तेही महत्त्वाचं. डिस्क आतून बाहेर भरत जाते. व्हीसीडी आणि एका थराच्या डीव्हीडीत चित्रपटाचा शेवट बाहेरच्या कडेकडे असतो, तोही डिस्क बऱ्यापैकी भरलेली असेल तेव्हा. दोन थरांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर जातो आणि दुसरा बाहेरून परत आत येतो, म्हणजे कडेला चित्रपटाचा मध्य येतो आणि थर बदलण्याची जागाही तिथेच. बोटांचे ठसे आणि ओरखडे सगळ्यात जास्त कडेलाच असतात. “इंटरव्हलपर्यंत ठीक चालते, मग अडकते” ही तक्रार इथूनच येते.

शेवटी डिस्क उजेडासमोर धरा. डीव्हीडीतून थोडा मंद उजेड झिरपणं स्वाभाविक आहे, पण टाचणीच्या टोकासारखे लख्ख ठिपके दिसले तर तिथली धातूची पातळ परत गेलेली आहे. कडेकडून पसरलेला कॉफीसारखा डाग किंवा दुधाळ ढग म्हणजे डिस्क आतून सडते आहे. पुसून ते जात नाही आणि पुढे वाढतच जातं. २००६ ते २००८ दरम्यान अमेरिकेत छापलेल्या वॉर्नरच्या डीव्हीडींबद्दल जास्त सावध राहा. त्यातल्या बऱ्याच वरून स्वच्छ दिसूनही चालत नाहीत. हा दोष कंपनीनेही २०२५ मध्ये मान्य केला. अशी डिस्क न चालवता घेऊच नये.

घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, डिस्क चालवून बघा. सगळा चित्रपट बघायची गरज नाही. मेन्यू, प्रत्येक प्रकरणाची पहिली दहा सेकंदं, मधली दहा मिनिटं साध्या वेगाने आणि शेवटची दहा मिनिटं. अर्ध्या तासाचं काम आहे. ऑनलाइन मागवलेलं पाकीट उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करून ठेवा. रिकामं खोकं आलं तर तक्रारीसोबत तेच उपयोगी पडतं. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

खरचटलेली डिस्क पॉलिश करून चालेल का?

डीव्हीडी चालू शकते. माहितीचा थर दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, त्यामुळे खालच्या बाजूचा उथळ चरा घासून काढता येतो. व्हीसीडी ही मुळात सीडी. तिचा माहितीचा थर वरच्या, छापील बाजूला लाखेच्या एका पापुद्र्याखाली असतो. म्हणून व्हीसीडी घेताना छापील बाजू आधी बघा. तिथे नखाने खरवडलेलं असेल तर तेवढा भाग कायमचा गेला, खाली कितीही चकचकीत असो. ब्लू-रेचा थर खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. वर कडक लेप असल्यामुळे ओरखडे लवकर पडत नाहीत, पण पडलेला चरा घासायला गेलात तर लेपच जातो. ब्लू-रे पॉलिशला देऊ नका.

नुसते ठसे आणि धूळ असेल तर साध्या पाण्यात भिजवलेलं मऊ कापड, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. पुसायचं मध्यातून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसण्याची सवय वाईट. टूथपेस्टचा घरगुती उपाय डीव्हीडीवर कधीमधी लागू पडतो, तरी जपून.

ओरिजिनल आणि डुप्लिकेट कशी ओळखायची?

खालची बाजू बघा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी चांदीसारखी असते, दोन थरांची असेल तर बहुधा किंचित सोनेरी झाक असते. जांभळी किंवा निळसर दिसली तर ती घरी किंवा टपरीवर लिहिलेली डिस्क. लिहिलेली ब्लू-रे खालून काळपट-तपकिरी दिसते. मधल्या छिद्राभोवतीच्या पारदर्शक कड्यावर भिंगाने बघितलं की छापलेल्या डिस्कवर बहुतेकदा आयएफपीआय ही अक्षरं आणि पुढे कारखान्याचा सांकेतिक क्रमांक दिसतो.

या नियमाला एक अपवाद आहे. वॉर्नर आर्काइव्हने २००९ पासून अमेरिकेत कमी खपाचे चित्रपट मागणीनुसार लिहिलेल्या डिस्कवर विकले. त्या जांभळ्या असूनही अस्सल आहेत. नव्या डिस्कइतके पैसे त्यांना देऊ नका, कारण त्यांचा रंगाचा थर छापील डिस्कपेक्षा लवकर बिघडतो.

वेष्टनावर काय हवं हे कायद्यातच सांगितलेलं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२अ प्रमाणे सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, डिस्क काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता वेष्टनावर असावा लागतो. यातलं काहीच नसेल आणि मुखपृष्ठ धुरकट छापलेलं असेल तर आणखी तपासायची गरज नाही. महाराष्ट्रात झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या एमपीडीए कायद्यात व्हिडिओ पायरेट्सचाही समावेश आहे, तेव्हा “स्वस्तात मिळतंय” एवढ्यावर भुलू नका.

मराठी चित्रपट आणि नाटकांच्या डिस्क?

इथे गणित उलटं आहे. अनेक मराठी नाटकांची चित्रफीत फक्त व्हीसीडीवर निघाली. डीव्हीडी आलीच नाही, ब्लू-रेचा तर प्रश्नच नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे डीव्हीडीच्या पावपट. पण पर्याय नसेल तर दर्जाची तक्रार कुणाकडे करणार? त्यामुळे नाटकाची चांगल्या अवस्थेतली, सगळे भाग असलेली व्हीसीडी दिसली आणि भाव शंभर-दीडशेच्या आत असेल तर घासाघीस करत बसू नका. हॉलिवूडची डीव्हीडी पुढच्या महिन्यात दुसरीकडे मिळेल. हे मिळेलच असं नाही.

संच पूर्ण आहे का ते नीट बघा. एका व्हीसीडीवर साधारण ८० मिनिटं मावतात, म्हणून नाटक किंवा चित्रपट दोन-तीन डिस्कवर असतो आणि शेवटचीच हरवलेली असते. घरी प्लेअर नसेल तर कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घाला, डिस्कवरच्या मोठ्या डॅट फाइली व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये थेट चालतात. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये व्हीसीडी चालत नाहीत. मराठी डिस्क शोधताना एव्हरेस्ट, फाउंटन, शेमारू ही कंपन्यांची नावं देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत टाकून बघा. विक्रेते नावांचं स्पेलिंग वाटेल तसं करतात, आणि चुकीच्या स्पेलिंगखाली पडलेला माल स्वस्त राहतो कारण तो कुणाला सापडत नाही.

परदेशातून मागवणं परवडतं का?

एकेक मागवलं तर जवळजवळ कधीच नाही. समजा चार डिस्क हजार रुपयांप्रमाणे चार हजारांच्या, आणि टपाल १,६००. प्रत्येक डिस्क १,४०० ला पडली. आठ घेतल्या आणि टपाल २,००० झालं तर १,२५० ला. यावर सीमाशुल्क. ते फक्त डिस्कच्या किमतीवर नाही, तर किंमत, टपाल आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं, म्हणजे पहिल्या उदाहरणात ४,००० वर नाही, ५,६०० वर. त्यात कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं, आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क साधारण दोन ते साडेतीन टक्के. मागवायच्या आदल्या दिवशी चालू दर बघूनच हिशेब करा.

“गिफ्ट लिहून पाठव, कर लागत नाही” हा सल्ला कालबाह्य आहे. टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली गेली.

ब्रिटनमधल्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. परदेशी पाठवताना काही विक्रेते तो वजा करतात, मग १० पौंडांची डिस्क ८.३३ ला पडते. वजा होतो की नाही हे पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरच कळतं, तिथवर जाऊन बघा.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे सुट्टीला येणारं कुणीतरी. नुसती डिस्क १५-१६ ग्रॅमची असते, वजन आणि जागा खोक्याची. डिस्क मऊ पाकिटात, मुखपृष्ठाचे कागद वहीत सपाट ठेवून आणायला सांगा आणि रिकाम्या केस इथे घ्या. स्टीलबुक, म्हणजे पत्र्याचं खोकं, असेल तर अर्थातच हा उपाय चालत नाही.

सेल कधी असतात?

अमेरिकेत बार्न्स अँड नोबल हे पुस्तकांचं साखळी दुकान जुलै आणि नोव्हेंबरमध्ये क्रायटेरियन या कंपनीच्या डिस्क निम्म्या किमतीत देतं. क्रायटेरियन स्वतःही वर्षातून दोनेकदा २४ तासांसाठी निम्म्या किमतीचा सेल लावतं. सत्यजित राय यांचे बरेच चित्रपट क्रायटेरियनने काढलेले असल्यामुळे आपल्याकडच्या संग्राहकांचं या तारखांकडे लक्ष असतं. नोव्हेंबरचा ब्लॅक फ्रायडे ४के डिस्कसाठी चांगला. या दिवसांत कुणी भारतात यायला निघालं असेल तर यादी आधीच हातात द्या.

भारतात दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये डिस्कवर वेगळी सूट क्वचितच असते. मिळते ती बँकेच्या कार्डावरची दहा टक्के, तीही किमान खरेदीच्या अटीवर. म्हणून वर्षभर यादीत साठवून त्या आठवड्यात एकदम घ्यावं.

ॲमेझॉनवर एका तिसऱ्याच विक्रेत्याने ९०० ची डिस्क ४,५०० ला लावली आहे. दुसरीकडे कुठे दिसत नाही. घ्यावी का?

थांबा. पुष्कळ विक्रेत्यांकडे ती डिस्क नसतेच. कुणी मागितली तर परदेशातून आणून द्यायची, या हिशेबाने भाव लावलेला असतो. त्याच बारकोडने अमेरिका आणि ब्रिटनच्या साइटवर शोधा, आणि वर दिल्याप्रमाणे घरपोच किंमत काढा. ती ४,५०० च्या जवळ आली तर इथूनच घ्या, परत करण्याची सोय तरी राहते. डिस्क छपाईतून खरंच गेली असेल तर भाव वाढतच जातो. पण नवी जीर्णोद्धारित आवृत्ती जाहीर झाली की जुनीचा भाव पडतो. मोठी रक्कम मोजण्याआधी ब्लू-रे डॉट कॉमवर आगामी यादी बघून घ्या.

विक्रीच्या पानावरचे अभिप्रायही जपून वाचा. डीव्हीडी, ब्लू-रे आणि ४के यांचे अभिप्राय बऱ्याचदा एकत्रच दाखवतात. “चित्र अप्रतिम” हे ४के बद्दल लिहिलेलं असतं आणि तुम्ही मागवत असता डीव्हीडी.

लायब्ररीचा अख्खा गठ्ठा मिळतोय. कसा भाव करायचा?

सगळ्या डिस्क मोजून सरासरी लावू नका. आधी तीन भाग करा : हव्याच असलेल्या, चालतील अशा, आणि टाकाऊ. भाव फक्त पहिल्या भागावरून ठरवा, बाकीच्या फुकट आल्या असं धरा. लायब्ररीच्या डिस्क शेकडो प्लेअरमधून गेलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या भागातल्याही पाचात एखादी अडकेल असं गृहीत धरून रक्कम सांगा. डिस्कवर चिकटवलेले गोल कागदी स्टिकर ओढून काढू नका. व्हीसीडीवर स्टिकरबरोबर माहितीचा थरही निघून येतो.

आम्ही परदेशात राहतो. भारतातून डिस्क न्याव्यात की तिथेच घ्याव्यात?

अमेरिकेत असाल तर आधी प्लेअर बघा. भारतातल्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या असतात आणि तिथले अनेक प्लेअर फक्त एनटीएससी ही तिथली टीव्ही पद्धत वाचतात. रिजन मोकळा असूनही पडदा काळाच राहतो तो त्यामुळे. लॅपटॉपवर ही अडचण येत नाही. यशराजसारख्या कंपन्यांनी परदेशी बाजारासाठी एनटीएससी डीव्हीडी वेगळ्या काढल्या होत्या. त्या तिथल्या जुन्या भारतीय किराणा दुकानांच्या मागच्या कप्प्यात अजून सापडतात. सार्वजनिक ग्रंथालयांच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत डिस्क अगदी किरकोळ भावात जातात. देशांतर्गत मागवताना विक्रेत्याला मीडिया मेलने पाठवायला सांगा. टपाल खात्याचा तो दर पुस्तकं आणि डिस्कसाठीच आहे, वेळ लागतो पण बराच स्वस्त पडतो.

ब्रिटनमध्ये पाल असल्याने भारतातल्या डिस्क सहसा चालतात. तिथे सीईएक्स या जुन्या वस्तूंच्या साखळीची दुकानं आणि धर्मादाय दुकानं हा स्वस्ताईचा खजिना आहे. सीईएक्सच्या साइटवर कुठल्या शाखेत काय आहे तेही दिसतं.

लॅपटॉपवर बघायचं असेल तर?

डीव्हीडीसाठी यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आणि व्हीएलसी पुरतं. ब्लू-रेला ब्लू-रे ड्राइव्ह आणि बहुतेकदा विकतचं सॉफ्टवेअर लागतं. ४के डिस्क कॉम्प्युटरवर अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या ज्या सुविधेची गरज होती ती नव्या घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली गेली आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. ४के साठी स्वतंत्र प्लेअर, नाहीतर डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स. प्लेस्टेशन ४ च्या कुठल्याही मॉडेलवर ४के डिस्क चालत नाही, प्रो वरही नाही. ऑप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नवे प्लेअर आणणं थांबवलं, म्हणून जुना चांगला प्लेअर विकत घेताना ट्रे उघडझाप करून आणि दोन थरांची एखादी डिस्क पूर्ण चालवून बघा. लेझर थकला असेल तर तो आधी तिथेच अडखळतो.

खोक्यातला डिजिटल कोड धरून जास्त पैसे द्यावेत का?

नाही. अमेरिकी कोड भारतात सहसा चालत नाहीत, आणि सेकंड हँड खोक्यातला कोड वापरून झालेला असतो.

पावसाळ्यात डिस्कना बुरशी लागते का?

मुंबई-कोकणात आधी लागते ती आतल्या कागदाला, आणि तिथून डिस्कवर पसरते. डिस्क पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका, खोक्यांच्या रांगेत सिलिका जेलची पाकिटं टाका आणि ती दोन-तीन महिन्यांनी बदला. जुन्या बाजारातून आणलेलं खोकं आधी उन्हात नव्हे, पंख्याखाली दिवसभर उघडं ठेवा. कागदावर काळे ठिपके असतील तर तो काढून स्कॅन करून टाकून द्या आणि डिस्क नव्या केसमध्ये ठेवा.